कोमट बॉनेट

प्रॉसरने गाडीकडे नीट पाहायच्याही आधी बॉनेटवर हात ठेवला. ताप बघायला कपाळावर ठेवावा तसा, अख्खा तळवा टेकून. गॅरेजच्या दारात उभा असलेला डेझमंड पार्जेटर मनातल्या मनात खूष झाला, कारण माणूस जाणकार आहे हे त्या एका हातावरून कळलं. जुनी गाडी बघायला गेलं की हवापाण्याच्या गप्पा नंतर, आधी हात बॉनेटवर. इंजिन थंडगार असलं पाहिजे, रात्रभर न उठवलेलं. गिऱ्हाईक यायच्या आधी जो गाडी फिरवून आणतो, इंजिनाला ऊब देऊन ठेवतो, त्याला काहीतरी लपवायचं असतं, हे मोटारी बनवणाऱ्या कोव्हेंट्री शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डेझमंडने स्वतः तरुणपणी अशा तीन-चार गाड्या नुसता हात लावून नाकारल्या होत्या आणि विकणाऱ्याच्या तोंडावर दोन शब्द सुनावलेही होते. म्हणून तो हसत उभा होता. प्रॉसर मात्र हसला नाही. त्याने हात उचलला, दुसऱ्या जागी ठेवला, आणि मान वळवून म्हणाला, "गरम आहे."

"काय?"

"बॉनेट. तसं फार नाही, कोमट आहे. सकाळी फिरवून आणलीत वाटतं?"

"नाही," डेझमंड म्हणाला, आणि ते खरं होतं. स्वतःचं नाव सांगावं तितक्या सहज त्याने ते सांगितलं. मग पुढे होऊन त्याने आपला हात त्या हिरव्या पत्र्यावर ठेवला, आणि पत्रा कोमट होता. त्याला आधी वाटलं की हातच थंड असेल म्हणून तसं लागतंय. त्याने दुसरा हात लावून पाहिला. मग खाली वाकून रेडिएटरच्या जाळीपाशी नाक नेलं. तेलाचा आणि तापल्या रबराचा तो ओळखीचा वास तिथे ताजा होता, स्वयंपाक होऊन गेलेल्या घरात असतो तसा. "ऊन असेल," तो सरळ होत म्हणाला.

"मार्चमध्ये? कोव्हेंट्रीत? बंद गॅरेजच्या आत?" प्रॉसरने भुवया चढवल्या. वेल्समधल्या न्यूपोर्टहून तो पहाटेची आगगाडी पकडून आला होता. पन्नाशीचा, रुंद, गालांवर लाली असलेला माणूस. चिडला होता तरी बोलण्यातली गंमत सुटत नव्हती. "आमच्याकडे ऊन पडलं तर लोक घाबरून पोलिसांना फोन करतात, पार्जेटर. मला ऊन सांगू नका. जाहिरातीत तुम्हीच लिहिलंत ना, की गाडी थंड असताना दुसरा गियर कुरकुरतो? तेच ऐकायला आलो मी इतक्या लांब. आणि तुम्ही तिला गरम करून ठेवलीत."

ते खरंच होतं. डेझमंडनेच लिहिलं होतं. दुसरा गियर थंडीत कुरकुरतो, तेल तापलं की गप्प होतो. डाव्या दाराखालच्या पट्टीला गंज आहे, त्यावर मी स्वतः ठिगळ मारलंय आणि ते चांगलं जमलेलं नाही. कापडी छत डाव्या कोपऱ्यात गळतं. मैल मोजणारा आकडा बरीच वर्षं बंद आहे, तेव्हा गाडी खरी किती चालली हे मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. या जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या मंडळींत एक शब्द चालतो: प्रामाणिक गाडी. निर्दोष नव्हे, चकचकीत तर नव्हेच. जिचे दोष जिथे आहेत तिथे दिसतात, रंगाखाली गाडलेले नसतात, ती प्रामाणिक. गाडीचं याहून मोठं कौतुक त्यांच्या भाषेत नाही. डेझमंडने जाहिरातीच्या डोक्यावर तोच शब्द घातला होता, आणि घालताना त्याला अशी एक लबाड शंका आली होती की आपण हे गाडीबद्दल म्हणतोय की स्वतःबद्दल. आयुष्यभर यंत्रांच्या कारखान्यात नकाशे काढणारा माणूस तो. प्रत्येक मापाशेजारी किती चूक खपेल तेही लिहायचं, ही तिथली रीत. न लिहिलेली चूक ही खरी चूक, असं तो नव्या पोरांना सांगायचा, आणि पोरं पाठीमागे त्याची नक्कल करायची.

आता तो गाडीच्या पुढ्यात उभा राहून सकाळ आठवत होता. सकाळी तो उठला. दाढी केली. पाव भाजला, त्याला मार्मलेड लावलं, चमचा बरणीत पडला म्हणून बोटांनी काढला आणि बोटं चाटली. रेडिओवर कुणीतरी माशांच्या भावाबद्दल बोलत होतं. सगळं कसं लख्ख आठवत होतं, चमच्याचा चिकटपणासुद्धा. पण हे आज की काल, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि विचारताक्षणी ती सगळी सकाळ तारखेवाचून लोंबकळायला लागली. मार्मलेडची बरणी परवा संपली नव्हती का? संपली म्हणून बायको, ऑड्री, नवीन घेऊन आली ती आणि ही वेगळी? त्याने गुपचूप बोटं नाकाशी नेली. पेट्रोलचा वास होता. पण तो नेहमीच असतो. ऑड्री म्हणते, तुला पुरताना सुद्धा येईल. बुटांकडे पाहिलं तर बूट ओले होते. पण बागेतून गॅरेजपर्यंत यायला ओलं गवत ओलांडावंच लागतं. मग त्याची नजर काचेआडच्या मैलांच्या आकड्याकडे गेली, जो चालू असता तर एका क्षणात सोक्षमोक्ष लागला असता, आणि तो आकडा वर्षानुवर्षं जिथे होता तिथेच होता. दुरुस्त करायचा आळस केला, आणि मग त्याच आळसाला आपण मोठ्या दिमाखात प्रामाणिकपणा म्हणून जाहिरातीत मिरवलं, असं त्याच्या मनात आलं. त्याला स्वतःचा राग आला, आणि रागाच्या खाली काहीतरी गार होतं, त्याकडे त्याने पाहिलं नाही.

प्रॉसर गाडीभोवती फिरायला लागला होता. निघून जात नव्हता हे खरं, पण बोटाने दाराखालची पट्टी ठोकून बघत होता ती ज्याच्यावर विश्वास नाही अशा माणसाची वस्तू ठोकून बघावी तशी. डेझमंड त्याच्या मागे मागे जात राहिला. ठिगळ कुठे आहे ते दाखवलं, छत कुठे गळतं ते दाखवलं. त्या गळतीखाली ऑड्रीचा गुडघा यायचा. उजव्या हाताला डेझमंड, डाव्या हाताला ऑड्री, आणि पावसात तिच्या गुडघ्यावर पावाची रिकामी पिशवी. एकदा समुद्रावर जाताना थेंब थांबेचना, तेव्हा तिने पिशवीत बोट घालून थेंबांच्या तालावर नाचवलं होतं आणि तो इतका हसला होता की गाडी बाजूला घ्यावी लागली. मुलगी झाली तेव्हा सगळे म्हणाले, आता ही दोन माणसांची गाडी विका. त्यांनी मुलीसाठी दुसरी गाडी घेतली पण ही ठेवली. मुलगी मोठी होऊन लीड्सला गेली, दुसऱ्या गाड्या आल्या नि गेल्या, ही राहिली. मग मागच्या शरदात एकदा केनिलवर्थहून परत येताना, ज्या रस्त्याने तो झोपेतही आला असता, तिथे वाटेवरच्या गोल चौकात तो शिरला आणि त्याला बाहेर पडायची वाट कळेना. पाट्या दिसत होत्या, नावं वाचता येत होती, पण त्यांतलं एकही नाव आपल्या घराकडचं आहे असं वाटत नव्हतं. म्हणून तो मधल्या गवताच्या बेटाला वळसा घालत राहिला. एकदा, दोनदा, पुन्हा. छत उघडं, डोक्यावर टोपी, हिरवी सुंदर गाडी. फुटपाथवरच्या एका बाईला वाटलं की म्हातारा मजेत आहे, आणि तिने हात हलवला. डेझमंडनेही हलवला. पुढच्या वळशाला ती पुन्हा दिसली, तिने पुन्हा हलवला, त्यानेही. शेवटी कुठूनसा आठवला रस्ता, पायात अडकलेली दोरी सुटावी तसा, आणि तो घरी आला. ऑड्रीला म्हणाला, गर्दी होती. दोन दिवसांनी म्हणाला, गाडी विकावी म्हणतो, गुडघे ऐकत नाहीत. ती काहीच बोलली नाही, याचं त्याला तेव्हा नवल वाटलं होतं. आज पहिल्यांदाच त्याला त्या न बोलण्याची भीती वाटली.

कारण समजा, आज सकाळी मी गाडी नेली. समजा, मी कपडे घातले, गॅरेज उघडलं, चोक ओढला, गल्लीतून बाहेर पडलो, कुठेतरी गेलो आणि परत आलो. तर मग तो कोण होता? ज्याने गाडी चालवली आणि मला सांगितलं नाही, तो? की मी, ज्याला ते सांगितलं गेलं नाही? चौकातला गोंधळ निदान त्याचा स्वतःचा होता. तिथे तो हजर होता, घाबरलेला का होईना. आजच्या सकाळीत तो नव्हताच. तिथे नुसता कोमट पत्रा होता. आणि तो खोटं बोलत नव्हता, हे तर याहून वाईट. खोटं बोलत असता तर निदान त्याला खरं काय ते माहीत असतं. नवऱ्याने बायकोकडे, बायकोने नवऱ्याकडे बघावं तसा तो गाडीकडे बघत राहिला, तिने काहीतरी सांगावं म्हणून.

"हे बघा," प्रॉसर गुडघ्यावरची धूळ झटकत उठला. "गाडी छान आहे. तुम्ही म्हणालात तशीच आहे, उलट जरा जास्तच चांगली. पण मला एक कळत नाही. जो माणूस आपल्याच ठिगळाला वाईट म्हणतो, तो इंजिन का गरम करून ठेवेल? आणि ठेवलं तर तोंडावर 'नाही' असं कशाला म्हणेल?"

"मलाही तेच कळत नाहीये," डेझमंड म्हणाला.

तेवढ्यात बागेकडचं दार कोपराने ढकलून ऑड्री चहाचा ट्रे घेऊन आत आली. बारीक अंगाची, केस आखूड कापलेली, घाईत असली की पुटपुटणारी बाई. तिने एकदा प्रॉसरच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा डेझमंडच्या, आणि ट्रे कामाच्या बाकावर ठेवता ठेवता विचारलं, "कुणी मेलं की काय इथे?"

"बॉनेट गरम आहे, मिसेस पार्जेटर," प्रॉसर म्हणाला. "आणि तुमचे यजमान म्हणतात त्यांनी गाडी हलवली नाही."

"हलवली नाहीच त्याने," ऑड्री म्हणाली. "मी नेली होती. दूध संपलं होतं, आणि म्हटलं आज जातेय ती, एक चक्कर मारू. मला काय माहीत तुमच्यात ते पाप असतं. साखर किती?"

प्रॉसरचा सगळा चेहराच सुटला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! मी इथे या बिचाऱ्याला चोर ठरवत बसलोय. दोन चमचे. आणि काय हो, दुसरा गियर कुरकुरला का?"

"कुरकुरला की. शिव्या घातल्या मी त्याला."

ते दोघं हसले. डेझमंडने कप उचलला आणि कपाची बशी बाकावर आपटली. ऑड्रीला गाडी चालवता येत नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने तिला शिकवायचा घाट घातला होता, तिसऱ्या दिवशी तिने एका पबच्या कुंपणात गाडी घातली, खाली उतरली, आणि म्हणाली की आता तू चालव, मी बघते. तेव्हापासून ती बघत आली होती. कुठल्याही गाडीच्या चाकामागे ती बसली नव्हती, परवाना तिने कधी काढलाच नाही. म्हणजे ती खोटं बोलत होती, आणि किती सफाईने बोलत होती. साखर ढवळण्यातही खंड नव्हता. इतकं सराईत खोटं माणूस आयत्या वेळी बोलत नाही. तिने ते तयार ठेवलं होतं. म्हणजे ती जाणून होती. म्हणजे सकाळी गाडी नेणारा माणूस तिने पाहिला होता, आणि कुणास ठाऊक, त्याच्याशी बोललीही होती. त्याला एकदम तिची माया आली, आणि तिच्या पाठोपाठ संतापही आला. जन्मभर सांभाळलेला आपला शब्द हिने दुधाच्या बाटलीवर उडवला. आणि मग वाटलं, शब्द सांभाळणारा तरी कोण उरलाय इथे, हिला सोडून? कुठली भावना खरी ते त्याला ठरवता येईना. तो चहा प्यायला. चहात साखर जास्त होती.

"मग असं करू," प्रॉसर म्हणाला, "थंड होऊ द्या तिला. मी थांबतो. कुरकुर ऐकल्याशिवाय नेणार नाही मी."

तर मग ते तिघं गाडी थंड व्हायची वाट बघत बसले. पाहुणा रंगाच्या डब्यावर, ऑड्री बागेतल्या खुर्चीवर, डेझमंड उभाच. बॉनेट उघडून ठेवलं होतं. प्रॉसर न्यूपोर्टच्या गोष्टी सांगत होता. भावाने गाडी कशी खाडीत घातली, आणि भरती आल्यावर ती कशी आपली आपण थोडी पुढे सरकली. ऑड्री हसायच्या जागी हसत होती. डेझमंडला वाटत होतं की इंजिनातून ऊब निघून जातेय ती त्याला दिसतेय, आणि तिच्याबरोबर त्याची ती सकाळही निघून चाललीय, तिचा एकमेव पुरावा. गाडी थंड झाली की कुणालाही म्हणता येईल, असं काही झालंच नाही. त्यालाही म्हणता येईल. ही कल्पना किती सुखाची होती! तो मनातून इंजिनाला घाई करत होता, आणि त्याच वेळी त्याला पुढे होऊन त्या इंजिनावर दोन्ही हात ठेवावेसे वाटत होते, ऊब जाऊ नये म्हणून.

"पण का विकताय?" प्रॉसरने मध्येच विचारलं. "राग मानू नका. मी असतो तर नसती विकली."

"गुडघे," डेझमंड म्हणाला.

"गुडघे," ऑड्री म्हणाली, आणि बिस्किटाची बशी पुढे केली.

अखेर प्रॉसरने उठून इंजिनाला हात लावला, बॉनेट मिटलं, त्यावरही हात ठेवला आणि मान हलवली. चोक ओढल्यावर गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. डेझमंड डावीकडे बसला, ऑड्रीच्या जागी, आणि ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. पहिल्यावरून दुसऱ्यावर टाकताना गियर असा दात-ओठ खाऊन कुरकुरला की प्रॉसर मोठ्याने ओरडला, "अगदी जाहिरातीत लिहिलाय तस्सा!" आणि डेझमंडच्या अंगावर आनंदाने काटा आला. त्या अख्ख्या सकाळी पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं होतं की त्याने सांगितलेलं खरं निघालं. परत आल्यावर हातात हात दिले गेले, कागदावर सह्या झाल्या, आणि किल्ली, जिला ऑड्रीने कधीतरी लाल लोकरीचा गोंडा बांधला होता, ती गोंड्यासकट प्रॉसरकडे गेली. तो चाकामागे नीट बसला, टोपी डोक्यावर दाबली. इंजिन चालू होतं. ऑड्री दाराशी वाकून त्याला छताचे हूक कसे लावायचे ते दाखवत होती.

"मोटारवेने नाही जाणार मी," प्रॉसर म्हणाला. "लाज वाटेल हिला. आतल्या रस्त्याने जातो, स्ट्रॅटफर्डवरून. इथून कसं निघू हो पार्जेटर? केनिलवर्थकडे कुठून वळायचं?"

त्याने सहज विचारलं होतं. ज्याने त्या रस्त्यावर जन्म काढला त्याला विचारावं तसं. डेझमंडने तोंड उघडलं आणि उत्तर आलंही: गल्लीतून बाहेर, मग डावीकडे, मग ते चर्च. पण चर्च आधी की डावं वळण आधी? चर्च त्याला दिसत होतं, दगडी, कोपऱ्यावरचं, पण ते कुठल्याही रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहायला तयार होतं. अंदाजाने सांगितलं असतं तर कदाचित बरोबरही निघालं असतं. ऑड्री हूक सोडून सरळ झाली. ती बोलू शकली असती, तिचे ओठ हललेही. पण ती बोलली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत इतकी भीती त्याने पूर्वी कधी पाहिली नव्हती. ती वाट बघत होती. खोटं तयार ठेवून वाट बघत होती.

"मला नाही सांगता येणार," डेझमंड म्हणाला. "मला रस्ते राहत नाहीत हल्ली. गुडघे चांगले आहेत माझे. आणि ऑड्रीला गाडी चालवता येत नाही, प्रॉसर. सकाळी मीच नेली होती. मला आठवत नाही, पण मीच नेली असणार."

प्रॉसरने इंजिन बंद केलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "मी तुम्हाला भलतंसलतं बोललो."

"नाही, नाही. बरोबर बोललात. बॉनेट गरम होतंच."

"गाडी परत ठेवून घ्यायची असेल तर..."

"न्या हो," ऑड्री म्हणाली. तिचा आवाज कापरा झाला होता, पण रस्ता तिने नीट सांगितला. डाव्या सीटवर बसून ती आयुष्यभर नुसती बघत आली होती, आणि सगळं तिच्यापाशी होतं: गल्लीतून उजवीकडे, मग चढाव, चर्च डाव्या हाताला सोडायचं, मग झाडांचा सरळ रस्ता, मग गोल चौकातून दुसरी वाट. प्रॉसरने ते स्वतःशी घोकलं. जाताना त्याने हात हलवला, आणि डेझमंडनेही हलवला.

गल्ली रिकामी झाली. दोघं तशीच उभी राहिली. गॅरेज आतून एकाएकी फार मोठं दिसत होतं. ऑड्रीने ट्रे उचलला नाही, काहीच केलं नाही. रडतही नव्हती.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्याने विचारलं.

"गर्दी होती म्हणालास ना, तेव्हापासून. त्या दिवशी रविवार होता, डेझ. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं."

"मला भीती वाटतेय."

"मला पण."

तो रिकाम्या गॅरेजकडे वळला. "सकाळी मी कुठे गेलो होतो?"

"नाही सांगितलंस तू. मी विचारलं होतं." तिने त्याच्या कोटाचं वरचं बटण, जे चुकीच्या काजात गेलं होतं, सोडवून नीट लावलं. "पण घरी आलास."